परदेशात चर्चतर्फे घरबांधणीला जाताना: कामाच्या जागी मैत्री जमते कशी?

नवखी_बिगारी

आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघातून सोळा जण परदेशात घरबांधणीच्या सेवेला निघालो आहोत. कामाचे दिवस सहा. जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब, त्यावर लाकडी सांगाड्याच्या भिंती आणि वर पत्रा, असं एका कुटुंबासाठी १६ बाय २० फुटांचं घर. तिथल्या मंडळीतले दहा-बारा जण, दोन स्थानिक मिस्त्री आणि ज्यांचं घर होणार ते कुटुंब, सगळे बरोबर राबणार आहेत.

तयारीच्या बैठकांत पासपोर्ट, विमा आणि सामान यावरच वेळ जातो. मला वेगळंच विचारायचंय. अशा सेवेचे फोटो बघितले की पाहुणे एकीकडे आणि यजमान दुसरीकडे, असंच दिसतं. परत आलेल्यांना तिथल्या चार माणसांची नावं विचारली तर सांगता येत नाहीत. गटातही ओळखीचे ओळखीच्यांना धरून असतात, एकटं आलेलं माणूस एकटंच परततं. तर,

१. काम कसं वाटलं तर दोन्हीकडची माणसं खरोखर एकमेकांत मिसळतील?
२. भाषा येत नाही. किती शिकून जावं?
३. हातोडा कधी धरलेला नाही. नुसती लुडबुड होऊ नये म्हणून आधी काय शिकून घेता येईल?
४. फोटो, भेटवस्तू, नंतरचा संपर्क, यांत लोक कुठे चुकतात?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'मन मोकळं ठेवा' छापाचे सल्ले भरपूर मिळालेत. :)

ओळंबा

मैत्रीसाठी वेगळे खेळ-बिळ ठेवू नका. कामाची वाटणी डोकं लावून केली तर बरंचसं तिथेच साधतं. पण त्यासाठी काम किती आणि कसलं हे आधी कळायला हवं.

१६ बाय २० चा, ४ इंच जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण ३ घनमीटर काँक्रीट. १:२:४ च्या मालाला (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) ५० किलोच्या १९-२० गोण्या सिमेंट. मिक्सरपासून स्लॅबपर्यंत हातगाडीला वाट नसली की सगळा माल घमेल्यानं. घमेलं काठोकाठ भरत नाहीत. सहा लिटर धरा. त्याचं वजन १४ किलोच्या वर जातं आणि अशी पाचशे घमेली हातोहात पुढे सरकवावी लागतात.

इथे साखळी लागते. साखळीत तुमचा एक, त्यांचा एक, असं आलटून-पालटून उभं करा. सगळ्यांनी एकाच बाजूला तोंड केलं तर दर घमेल्याला कंबर पिळवटते, म्हणून एकाआड एक समोरासमोर, नागमोडी. अंतर हाताच्या टप्प्यात. घमेलं द्यायला पाऊल उचलावं लागलं तर मध्ये आणखी एक माणूस हवा. रिकामी घमेली परत न्यायला दोघं-तिघं वेगळी. आता खरी गंमत: दर पन्नास घमेल्यांनी जागा बदलायची, पण सगळे एकदम सरकले तर शेजारी तोच राहतो. म्हणून फक्त पाहुण्यांनी दोन जागा पुढे सरकायचं, यजमानांनी आपापल्या जागी थांबायचं. टोकाच्यानं सुरुवातीला यायचं. स्लॅब भरेपर्यंत जवळपास प्रत्येक पाहुण्यानं प्रत्येक यजमानाच्या हातात घमेलं दिलेलं असतं. कुणाचा हात पक्का आहे, कोण थट्टेखोर, कोण दमलं तरी बोलत नाही, हे त्यात आपोआप कळतं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पाहुण्यांतले तगडे गडी वेग दाखवायला जातात. मग घमेली एका जागी तुंबतात, माल सांडतो आणि बुटात जातो. ओलं सिमेंट कातडी भाजतं, आणि तेही सावकाश, कळ लागेपर्यंत इजा झालेली असते. रबरी बूट आणि हातमोजे हवेतच. माल बुटात गेला की लगेच बूट-मोजे काढून भरपूर पाण्यानं धुवायचं, हातातलं संपवून मग बघू असं नाही. दुसरी खोड म्हणजे माल हलवायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये पाणी वाढवणं. ५० किलोच्या गोणीला सगळं मिळून साधारण २५ लिटर पाणी, त्यातही वाळू ओली असेल तर कमी. पाणी वाढलं की स्लॅब कच्चा राहतो, वाळताना तडे जातात. मिस्त्री 'नको' म्हणाला की नको. तिथे त्याच्याशी वाद घातलात तर पुढचे पाच दिवस तो तुमच्याशी कामापुरतंच बोलेल.

स्लॅबच्या आधी फळ्यांची चौकट काटकोनात बसवतात. गुण्या लावून कोपरा जमतो, पण खात्री कर्णानं करायची. १६ बाय २० चा कर्ण २५ फूट ७⅜ इंच. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. टेपच्या एका टोकाला पाहुणा, दुसऱ्याला यजमान, आणि आकडा दोघांनीही मोठ्यानं म्हणायचा. इंच-फूट आणि सेंटिमीटर यांचा घोळ इथेच पकडला जातो. चौकट इंचभर तिरकी राहिली तर भिंतीला ४ बाय ८ फुटी प्लायवूड लावताना शेवटचा तुकडा पाचरीसारखा कापावा लागतो आणि पत्र्याची कड एका बाजूला बाहेर येते. हे काम दोन-तीनदा करावंच लागतं. भाषा न येणाऱ्या दोघांना हसायला यासारखं निमित्त नाही.

भिंतीचा सांगाडा आडवा ठोकून मग उभा करतात. २० फुटी भिंतीला १६ इंचांवर खांब धरले तर १६ खांब, शिवाय खिडकीशेजारचे जोडखांब. खिळे ठोकायला जोड्या लावा: एकानं खांब पेन्सिलीच्या खुणेवर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं ठोकायचं, दहा खिळ्यांनी अदलाबदल. भिंत उचलायला आठ जण. हाकारा एकाच माणसाचा, तिथल्या सुताराचा, त्याच्याच भाषेत. दोन आवाज आले की अर्धे उचलतात, अर्धे थांबतात आणि भिंत पिळते. तिरके टेकू आणि ते ठोकणारी दोन माणसं आधीच तयार ठेवा. भिंत हातावर पेलून खिळे शोधत बसायची वेळ येऊ नये.

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आवाजाचा. मिक्सर आणि यांत्रिक करवत यांच्या आसपास गप्पा होत नाहीत, ओरडाओरड होते. बोलणं होतं ते रंगकामात, खिळे वेगळे करण्यात, फळ्या घासण्यात. बाहेरच्या फळ्या भिंतीवर चढवायच्या आधीच लाकडी घोडीवर आडव्या टाकून रंगवा. एका फळीला दोन्ही बाजूंनी दोन माणसं, तोंडं समोरासमोर. मिक्सरवरची माणसं अर्ध्या दिवसानं रंगाकडे आणि रंगाकडची मिक्सरकडे, असा फेरा ठेवलात तर कुणी सहाही दिवस गोंगाटात अडकत नाही.

आणि मोजून बघा. सोळा अधिक बारा, वर कुटुंब आणि मिस्त्री, म्हणजे तीसेक माणसं ३२० चौरस फुटांत. एका वेळी दहा-बारांपेक्षा जास्त जण तिथे धड काम करूच शकत नाहीत. उरलेले सावली बघून आपापल्या भाषेत गट करतात, मोबाइल निघतात, तिथून फूट पडते. म्हणून जोडकामं आधी ठरवा: शौचालयाचा खड्डा, दाराची चौकट, एक बाक, सामानाची मोजदाद.

घरी शिकायचं थोडंच: भंगार लाकडावर ३ ते साडेतीन इंची शंभर खिळे ठोका. हातोडा दांड्याच्या शेवटाला धरायचा, दोन हलके ठोके देऊन खिळा उभा राहिला की बोटं काढायची. सोळा इंचांच्या खुणा टेपवर झरझर वाचता याव्यात. ओळंबा आणि लेव्हल बघता यावी. एवढं पुरे. उलट फार शिकून गेलेला माणूस मिस्त्रीला शिकवायला जातो, ते वाईट.

दोनभाषी

ओळंबा यांना +१, आवाजाच्या मुद्द्याला तर दोनदा.

भाषेचं म्हणाल तर चाळीस शब्द पुरतात, फक्त निवड बरोबर हवी. लोक प्रवासाच्या पुस्तकातलं 'स्टेशन कुठे आहे' पाठ करून जातात. तुम्हाला लागणार धर, सोड, थांब, सावकाश, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, अजून थोडं, पुरे, जड, सांभाळून, खिळा, पाणी. शिवाय एक ते वीस आकडे. 'थांब' आणि 'सांभाळून' हे दोन्ही ओरडून म्हणायची सवय करा, पुटपुटलेला इशारा कामाचा नाही. त्यावर दोन वाक्यं: 'मला दाखवा' आणि 'हे बरोबर आहे का?' दुसरं वाक्य दिवसातून वीसदा विचारा. विचारलं की समोरचा शिकवणारा होतो, आणि शिकवताना माणूस मोकळं होतं.

नावं. दोन इंची कागदी चिकटपट्टी आणि जाड मार्कर घेऊन जा. हेल्मेटच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे नाव. पाठमोऱ्या माणसाला हाक मारता आली पाहिजे. नाव दोन्ही लिपींत लिहा, आणि घरी ज्या नावानं हाक मारतात ते लिहा. घामानं पट्टी सुटते, तेव्हा रोज सकाळी नवी. ती लावायचं काम एका पाहुण्याकडे आणि एका यजमानाकडे द्या, त्या दोघांना सगळ्यांची नावं आधी पाठ होतात. उच्चार ऐकून देवनागरीत वहीत टिपा. आपल्या लिपीत बरेच परके उच्चार बऱ्यापैकी पकडता येतात, रोमनवर विसंबू नका.

तू-तुम्ही हा भेद अनेक भाषांत आहे. वयानं मोठ्या माणसाला आदरार्थीच बोला, त्यांनी स्वतः अरे-तुरेवर आणेपर्यंत. मंडळीत एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायची पद्धत असेल तर मिस्त्रीलाही तीच लावा. हावभावांची यादी पहिल्याच संध्याकाळी दुभाष्याकडून घ्या. अंगठा दाखवणं, बोटानं खुणावून बोलावणं, अंगठा-तर्जनीचं कडं करणं यांतलं काहीतरी कुठेतरी शिवी असतं.

दुभाष्याबद्दल लोक फार चुकतात. बोलताना त्याच्याकडे बघू नका, ज्याच्याशी बोलताय त्याच्याकडे बघा. एका दमात दोन वाक्यं, मग थांबा. म्हणी आणि शाब्दिक कोट्या सोडा. त्याला दर अर्ध्या तासानं विसावा हवा, आणि त्याच्या हातात घमेलं देऊ नका, तो दिवसभर कामच करतोय. घोळ असा होतो की सगळे पाहुणे दुभाष्याचे मित्र होतात आणि बाकी यजमान तसेच राहतात. उपाय म्हणजे दुपारच्या जेवणानंतर दोन तास दुभाषी नाही. सुरक्षेची गोष्ट असेल तरच हाक मारायची.

मोबाइलवरचं भाषांतर वापरणार असाल तर भाषा आधीच उतरवून ठेवा, नेट असेलच असं नाही. मिक्सरशेजारी बोलून भाषांतर करायला गेलात तर भलतंच निघतं. टंकून दाखवा.

काय विचारायचं याचाही विचार करून जा. 'तुमची कमाई किती', 'इथे कसं राहता' हे प्रश्न चौकशीसारखे लागतात. 'हे काम कुणाकडून शिकलात' हा प्रश्न कुठल्याही मिस्त्रीला अर्धा तास बोलता करतो. स्वतःबद्दलही तेवढंच सांगा. छापील दहा फोटो न्या: घरचे, कामाची जागा, तुमची मंडळी, शाळेतलं तुमचं ध्यान. मोबाइलवरचे फोटो एकालाच दिसतात, छापील फोटो हातोहात फिरतात.

शंकेखोर

उत्साहावर विरजण घालायचा हेतू नाही, पण हिशेब मांडू. मैत्रीला लागणाऱ्या वेळावर जेफ्री हॉल या कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकाचं २०१८ चं काम आहे. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला ५० तासांच्या आसपास, मित्र म्हणण्याजोगं नातं व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० हून जास्त. तुमचे सहा दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे ४८. त्याच अभ्यासाप्रमाणे नुसते बरोबर काम केल्याचे तास त्यात कमी धरले जातात. ओळंबा म्हणतात तशी साखळी उत्तम, पण तेवढ्यावर विसंबू नका. यजमानांबरोबरचं रोजचं जेवण, संध्याकाळची उपासना, त्यानंतरचा रिकामा वेळ, हे वेळापत्रकात धरा. बहुतेक गट काम संपलं की बसमध्ये बसून मुक्कामी जातात आणि आपल्याच लोकांत 'आजचा अनुभव' सांगतात. ते दोन तास यजमानांबरोबर घालवले तर आठवड्यात बारा तास वाढतात.

दुसरी गोष्ट बरोबरीची. दोन वेगळ्या समूहांतले गैरसमज कशानं कमी होतात यावर गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये चार अटी मांडल्या: दर्जा बरोबरीचा, ध्येय एक, काम सहकार्याचं, आणि वरच्यांचा पाठिंबा. घरबांधणीत शेवटच्या तीन आयत्या मिळतात. पहिली मिळत नाही. एक जण विमानानं येऊन घर देतोय, दुसरा घेतोय, यात बरोबरी कुठली? ती मुद्दाम आणावी लागते. साइटवरचा मुकादम स्थानिकच असावा, त्याचा शब्द शेवटचा, आणि हे पहिल्या दिवशी तुमच्या गटप्रमुखानं सगळ्यांसमोर सांगावं. मिस्त्रींना नेहमीची मजुरी मिळते आहे ना, हे यजमान मंडळीला आधीच विचारा. तुमच्या फुकट हातांमुळे त्यांचा आठवडा बुडणार असेल तर मैत्री विसरा. कुटुंबाचे श्रमही मोजले जावेत. १९७६ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी सुरू केलेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरबांधणी संस्थेत कुटुंबानं स्वतः ठरावीक तास राबायचं असतं, ते याचसाठी उपयोगी पडतं: ते देणगी घेणारे राहत नाहीत, तुमच्याबरोबरचे कामकरी होतात.

पैशाचंही सांगतो. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतून गेलेल्या गटांनी घरं बांधली. त्यांचा अभ्यास कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानं केला. घर दोन हजार डॉलरच्या आसपासचं, तर एका गटाचा खर्च सरासरी तीस हजारांच्या घरात. स्थानिक संस्थांनी बांधलेली घरं आणि पाहुण्यांनी बांधलेली घरं यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीनं फारसा फरक निघाला नाही. म्हणजे 'आम्ही घर बांधायला जातो' एवढंच कारण असेल तर पैसे पाठवणं स्वस्त पडतं. माणसं जोडायला जात असाल तर खर्चाला अर्थ आहे, पण मग सहा दिवसांच्या आखणीत तो वेळ दिसला पाहिजे.

आणि किल्ली देताना कुटुंबाला भाषण करायला लावू नका, साक्ष (आपल्या श्रद्धेचा जाहीर अनुभव) द्यायला तर नाहीच. घर विश्वासाच्या बदल्यात मिळालं अशी शंकाही शेजाऱ्यांना येता कामा नये. प्रार्थना करायची तर त्यांच्या पाळकांनी करावी, कुटुंबाला विचारून.

गटसांभाळ

वरचं सगळं यजमानांबद्दल झालं. गटाच्या आतलं थोडक्यात.

खोल्या आणि बसमधल्या जागा गटप्रमुखानं ठरवाव्यात. ओळखीचे एकत्र येणार नाहीत अशा चिठ्ठ्या टाका, आणि हे निघायच्या आधी जाहीर करा, तिथे गेल्यावर नाही. चौघांची खोली बरी. दोघांच्या खोलीत दोघांचं जमलं नाही तर सुटका नसते, आठांच्या खोलीत पुन्हा कंपू होतात.

तिसरा दिवस वाईट असतो हे धरूनच चाला. अंग आंबलेलं, झोप अपुरी, कुणाचं तरी पोट बिघडलेलं, नव्याची नवलाई संपलेली. भांडणं त्याच दिवशी होतात, आणि बहुधा हत्यारावरून नाहीतर 'मीच का झाडू मारायचा' यावरून. त्या दिवशी काम दोन तास लवकर थांबवा. पाण्याकडे लक्ष ठेवा: उन्हात दर वीस मिनिटांनी पाव लिटर, तहान लागायची वाट न बघता. डोकं दुखायला लागलेला माणूस चिडका होतो आणि सगळे त्याला स्वभाव समजतात.

संध्याकाळच्या बैठकीत 'कसं वाटलं' विचारलं की तीच चार माणसं बोलतात. त्याऐवजी प्रत्येकानं आज कळलेलं एक नाव आणि त्या माणसाबद्दलची एक गोष्ट सांगायची. नाव सांगता आलं नाही तर उद्या त्याची जोडी यजमानाबरोबर.

मुलं साइटवर येणारच. नियम कडक ठेवा: मोठं माणूस मुलाबरोबर एकटं कधीही नाही, दोन मोठी माणसं आणि उघडी जागा. यजमान मंडळीचे स्वतःचे नियम असतील तर जे जास्त कडक ते पाळा. करवत-मिक्सरपासून दोरी बांधून हद्द आखा. गटातल्या आणि यजमानांतल्या तरुणांत प्रेमप्रकरण सुरू झालं तर आठवडाभर थांबवा, त्याचे परिणाम तुम्ही गेल्यावर त्या मुलीला निस्तरावे लागतात.

फोटो काढायचे ते तिसऱ्या दिवसानंतर, विचारून. मुलांचे फोटो आईवडिलांच्या परवानगीशिवाय नाहीत. घराचा ठिकाणा, पडकं जुनं घर, रडणारी माणसं इंटरनेटवर नाहीत.

एक कागदी गोष्टही. बिनपगारी सेवेलाही अनेक देशांत पर्यटक व्हिसा चालत नाही, तेव्हा वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी उरलेली असावी. धनुर्वाताची लस दहा वर्षांपूर्वीची असेल तर जायच्या आधी घ्या, खिळे सगळ्यांच्याच पायात जातात.

नवखी_बिगारी

सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत उतरवून घेतलंय. तीन गोष्टी राहिल्या. गटात गुडघ्याचं दुखणं असलेल्या एक काकू आहेत, त्यांना सगळे 'तुम्ही बसा' म्हणतील आणि त्या बाजूला पडतील. भेटवस्तूंचं काय करावं? आणि परत आल्यावर व्हॉट्सॲप ग्रुप काढायचं चाललंय, तो महिन्याभरात मरतो असं ऐकलं.

ओळंबा

काकूंना सामानाचा ताबा द्या. टेबल, खुर्ची, वही. कोणतं हत्यार कुणी नेलं, खिळ्यांचा डबा कुठे, पेन्सिली किती उरल्या. साइटवरचा प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा त्या टेबलाशी येतो, मिस्त्रीही. जोडीला यजमानांतल्या कुणीतरी तशाच मावशी द्या. चार दिवसांत साइटवर सगळ्यांत जास्त ओळखी त्यांच्याच असतात. संध्याकाळी हत्यारं मोजून घेणंही त्यांच्याकडे. हत्यार हरवलं की संशय आधी स्थानिकांवर येतो आणि ते बहुतेक वेळा पाहुण्यांच्याच पिशवीत निघतं. वहीत नोंद असली की तो प्रसंगच येत नाही.

गटसांभाळ

ग्रुप सोळा अधिक बारांचा काढला तर मरतोच. भाषा मिसळत नाही, दोन-तीन जण 'सुप्रभात' टाकत राहतात. जोडीजोडीनं संपर्क ठेवा: प्रत्येक पाहुण्यानं एका माणसाशी, महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला. आवाजी निरोप चालतो. बोलायला विषय घरच असतो: पावसात पत्रा गळला का, स्लॅबला पुढचे सात दिवस पाणी कोण मारत होतं, दार फुगलं का.

वचनं मात्र देऊ नका. 'पुढच्या वर्षी येतो', 'मुलाच्या शिक्षणाचं बघतो' हे निरोपाच्या दिवशी तोंडातून सहज निघतं आणि समोरचा ते खरं धरतो. पैशाची मागणी आली तर राग मानू नका, पण परस्पर देऊ नका. यजमान मंडळीच्या पाळकांकडे किंवा वडीलजनांकडे पाठवा आणि ते ठरवतील तसं करा. एकाला गुपचूप दिलेले पैसे आठवड्यात गावभर होतात, आणि ज्याला दिले त्याचीच मंडळीत अडचण होते.

दोनभाषी

भेटवस्तूंबद्दल: कुटुंबाला वेगळं काही नको, घर मिळालंय. शेजारच्या मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका, दुसऱ्या दिवशी तुम्ही दिसलात की फक्त हात पुढे येतात. सगळ्या गटातर्फे एकच वस्तू, यजमान मंडळीच्या हाती, समारंभ न करता. आणि त्यांनी काही दिलं तर नाही म्हणू नका. साधं असलं तरी घ्या, त्यांच्यासमोर वापरा. घेता न येणारा पाहुणा फार अवघड जातो.

ओळंबा

मिस्त्रींसाठी हत्यारं ठेवून यायची असतील तर त्यांना आधी विचारा. बॅटरीचं ड्रिल दिमाखात ठेवून येतात आणि तिथे त्या कंपनीची बॅटरी मिळत नाही, चार्जरचा व्होल्टेज जुळत नाही, सहा महिन्यांत ते धूळ खात पडतं. चांगला हातोडा, लांब लेव्हल, करवतीची पाती, हातमोज्यांचे जोड हे कुठेही चालतं. ड्रिलची बिटं द्यायची तर त्यांच्या मापाची. मिलिमीटरवर काम करणाऱ्याला इंची बिटांचा संच दिलात तर तो हसून घेईल आणि कपाटात ठेवेल.